२४ सेकंदांचं तेवढं बघ

सप्रेम नमस्कार.

परिषदेला पाठवायच्या तुझ्या अ‍ॅबस्ट्रॅक्टचा, म्हणजे कामाच्या सारांशाचा, मसुदा मिळाला. आधी चांगलं सांगते. विषय चांगला आहे, डेटा चांगला आहे आणि डेडलाइनला तीन आठवडे असताना तू मसुदा दाखवलास, हे तर फारच चांगलं. आमच्याकडे लोक शेवटच्या संध्याकाळी फाइल पाठवतात आणि वर लिहितात, ‘मॅडम, जमलं तर बघा.’ आता बाकीचं.

पहिली चार वाक्यं उडव. ‘सूर्य हा आपल्याला सर्वांत जवळचा तारा आहे’ हे सौर भौतिकीच्या परिषदेला येणाऱ्या माणसाला सांगण्यात काय हशील? सौरज्वाला म्हणजे चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा अचानक मोकळी होणं, हेही तिथल्या प्रत्येकाला पाठ असतं. आपल्याला शाळेपासून प्रस्तावनेची सवय लागलेली आहे. ‘मानव हा समाजशील प्राणी आहे’ असं लिहिल्याशिवाय निबंध सुरू झाला असं वाटतच नाही. पण इथे जागा मोजून मिळते. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या डिसेंबरच्या अधिवेशनाला २००० अक्षरचिन्हं मिळतात, बाकी ठिकाणी थोडं अलीकडे-पलीकडे. त्यातला पाव हिस्सा तू सूर्याची ओळख करून देण्यात घालवला आहेस.

आणि तुझं शेवटचं वाक्य. ‘या निरीक्षणांतून निघालेल्या निष्कर्षांची चर्चा परिषदेत केली जाईल.’ अगं, चर्चा तर होणारच, त्यासाठीच सगळे जमतात. हे वाक्य वाचलं की अ‍ॅबस्ट्रॅक्ट निवडणाऱ्या समितीतला माणूस एकच अर्थ काढतो: हिच्या हातात अजून काही नाही. तुझ्या बाबतीत ते खरंही नाही. तुझ्या मसुद्यात मधेच, एका वाक्याच्या शेपटाला, तू लिहिलं आहेस की सूटच्या (आदित्य-एल१ यानावरची अतिनील दुर्बीण) मॅग्नेशियमच्या फिल्टरमध्ये आणि एआयएच्या (नासाच्या एसडीओ उपग्रहावरच्या दुर्बिणी) १३१ अँगस्ट्रॉमच्या चॅनलमध्ये तुला ज्वालेच्या प्रकाशातल्या चढउतारांचा ७५ सेकंदांचा एकच कालखंड दिसला. ती बातमी आहे. ती पहिल्या दोन वाक्यांत यायला हवी आणि तू ती अडगळीत टाकली आहेस.

समितीत बसणारी माणसं वाचतात कशी, ते सांगते, म्हणजे मी एवढी मागे का लागले आहे ते कळेल. एकेकाच्या वाट्याला भरपूर अ‍ॅबस्ट्रॅक्ट येतात आणि वेळ मिळतो तो रात्री जेवणानंतर, नाहीतर विमानतळावर. मी आधी शीर्षक वाचते, मग शेवटची दोन-तीन वाक्यं. तिथे काही हाताला लागलं तरच वर जाऊन पहिल्यापासून वाचते. सगळेच असं करतात असा माझा दावा नाही, पण शांतपणे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचणारा समिती-सदस्य मी तरी पाहिलेला नाही. त्यामुळे काय सापडलं ते वर, त्याचा अर्थ काय लागतो ते खाली, आणि कसं केलं ते मधे, एवढं पाळलंस तरी पुरे.

आता मुख्य मुद्दा. तुझ्या त्याच वाक्यात ७५ सेकंदांच्या शेजारी दुसरा आकडा आहे: २४ सेकंद. तो वाचून मी थांबले.

एआयए आपल्या चरम अतिनील (ईयूव्ही) चॅनलमधून दर १२ सेकंदांनी एक चित्र घेतं. म्हणजे २४ सेकंद हा त्या डेटात पकडता येईल असा सगळ्यात छोटा कालखंड, अगदी काठावरचा. काठावरचा आकडा दिसला की संशय घ्यायचा, एवढं तुला कुणीही सांगेल. पण इथे आणखी एक गोम आहे. मोठी ज्वाला सुरू झाली की डिटेक्टर संपृक्त होऊ नये म्हणून एआयएचं स्वयंचलित एक्सपोजर नियंत्रण जागं होतं. मग एक फ्रेम नेहमीच्या एक्सपोजरची आणि पुढची कमी एक्सपोजरची, असं आलटून पालटून चालतं. तू प्रत्येक फ्रेमची तीव्रता तिच्या एक्सपोजरने भागली असशीलच, पण नेहमीच्या एक्सपोजरच्या फ्रेममधले काही पिक्सेल आधीच भरून वाहिलेले असतात. भागाकाराने ते सुधारत नाहीत. परिणामी एक फ्रेम किंचित वर, एक किंचित खाली. दोन फ्रेमचा मिळून एक फेरा, म्हणजे बरोबर २४ सेकंद.

तुझे २४ सेकंद हेच आहेत असं मी म्हणत नाही. मी तुझी पिक्सेल बघितलेली नाहीत. पण परिषदेत तुझ्या पोस्टरपुढे उभा राहणारा पहिला जाणता माणूस हाच प्रश्न विचारणार, आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट तोवर छापून झालेला असणार. फिट्स फाइलच्या हेडरमध्ये (चित्राच्या माहितीच्या नोंदीत) प्रत्येक फ्रेमचा एक्सपोजर काळ असतो. तो एका खाली एक लिहून काढ. आलटून पालटून दिसला तर कमी एक्सपोजरच्या फ्रेम तेवढ्या वेगळ्या काढून आलेख पुन्हा काढ. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तोवर २४ चा आकडा मसुद्यातून बाहेर.

७५ सेकंदांचंही थोडं तपासावं लागेल, पण तिथे मला आशा आहे. तू प्रकाशवक्रातून, म्हणजे वेळेनुसार काढलेल्या प्रकाशाच्या आलेखातून, सरासरीची एक गुळगुळीत रेघ वजा केलीस आणि उरलेल्यात कुठले कालखंड आहेत ते काढायला फूरिये विश्लेषण चालवलंस. ती सरासरी किती लांबीच्या खिडकीची होती ते मसुद्यात नाही. खिडकी बदलली की कालखंड बदलतो का, हे पाहिलंस का? बदलत असेल तर तो कालखंड सूर्याचा नाही, तुझ्या खिडकीचा आहे. ज्वालेच्या प्रकाशवक्रात मुळातच मंद चढउतार जोरकस आणि जलद चढउतार क्षीण असतात, त्यामुळे सपाट पार्श्वभूमी धरून सार्थकता (शिखर निव्वळ योगायोगाचं नाही याची खात्री) काढली की हवी तितकी शिखरं ‘सापडतात’. पॉवर लॉची, म्हणजे मंदाकडून जलदाकडे उतरत जाणारी, पार्श्वभूमी धरून, वजाबाकी न करता, मूळ वक्रावरच चाचणी घे. सौरज्वालांमधल्या स्पंदनांवर काम करणारे लोक या बाबतीत अलीकडे फार कडक झाले आहेत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

सगळ्यात सोपी तपासणी मात्र वेगळीच. जीओएस या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या नव्या मालिकेचा क्ष-किरणांचा डेटा दर सेकंदाला एक या गतीने मिळतो आणि तो सर्वांना खुला आहे. त्यात चित्र नसतं, अख्ख्या सूर्याचा एकच आकडा असतो, पण तुझ्या ज्वालेच्या वेळी दुसरं काही मोठं घडत नसेल तर तेवढं पुरतं. ७५ सेकंद तिथेही दिसले, तर तीन वेगळी उपकरणं, तीन वेगळे डिटेक्टर, वेगवेगळे वेग आणि कालखंड एकच. मग समितीला पटवायला विशेषणांची गरज उरत नाही. आदित्यवरच्या हेलिओस या क्ष-किरण उपकरणात त्याच वेळचे कठीण (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण मिळाले तर सोन्याहून पिवळं. वेगवान इलेक्ट्रॉन कधी आणि कसे आदळले ते तिथे दिसेल. पण ते पुढच्या पायरीला. मसुद्यात ‘हेलिओसच्या डेटाशी तुलना केली जाईल’ असं जे लिहिलंस ते काढून टाक.

जे तुझ्या डिस्कवर नाही त्याचं वचन द्यायचं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेएसओसी या डेटाकेंद्रात पाण्याचा पाइप फुटून सर्व्हरच्या खोलीत पाणी शिरलं. एसडीओचा डेटा जिथून सगळं जग उतरवून घेतं तीच ती जागा. ‘लागेल तेव्हा उतरवून घेऊ’ म्हणून निवांत बसलेल्यांची तेव्हा पंचाईत झाली असणार. इस्रोच्या प्रदान पोर्टलवरून आदित्यचा डेटा घेतेस तोही घेतल्या दिवशी आवृत्तीसकट नोंदवून ठेव. कॅलिब्रेशन सुधारतं तशा फाइली बदलतात, आणि उन्हाळ्यात पाठवलेल्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमधला आकडा हिवाळ्यात पुन्हा निघाला नाही तर कारण सांगता यायला हवं.

आता ‘दिसलं’ आणि ‘म्हणून’ यांच्याबद्दल. तू लिहिलंस, ‘७५ सेकंदांच्या स्पंदनांवरून चुंबकीय पुनर्जोडणी ठरावीक कालांतराने होत असल्याचं सिद्ध होतं.’ सिद्ध होत नाही. पुनर्जोडणी म्हणजे चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या जाणं; पण सूर्यावरच्या चुंबकीय कमानीचं स्वतःचं दोलन असलं तरी असाच वक्र मिळू शकतो. दोन्ही शक्यतांपैकी तुझा कल कुठे आहे ते अवश्य लिही, धीटपणे लिही, पण ते वाक्य निरीक्षणाच्या वाक्यापासून वेगळं ठेव. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की इथपर्यंत डेटा आहे आणि इथून पुढे ही बोलते आहे.

तू कोकणातली आहेस म्हणून विजयदुर्गाचं उदाहरण देते. १८ ऑगस्टला तिथे हेलियमचा वाढदिवस साजरा होतो, इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने किल्ल्यावरून सूर्यग्रहण बघितलं आणि तिथेच हेलियम सापडला असं सांगितलं जातं. त्याने यंत्रं मांडली ते ‘साहेबाचे ओटे’ही दाखवतात. लॉकियर विजयदुर्गाला आला होता, हे खरं. पण तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला आपली यंत्रं घेऊन जेऊरला गेले होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्या दिवशी भारतात ग्रहण बघणाऱ्यांपैकी फ्रेंच यान्सेन गुंटूरला होता, पॉग्सन मच्छलीपट्टणला आणि धाकटा हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीला. सौरज्वालांच्या नव्हे, सौरशृंगांच्या (सूर्याच्या कडेवर उठलेल्या वायूच्या शिखरांच्या) वर्णपटात यातल्या काहींनी पिवळी रेषा पाहिली. ती सोडियमची डी रेषा असणार असं समजून लोक पुढे गेले. २० ऑक्टोबरला लॉकियरने इंग्लंडातून, ग्रहणाशिवायच, ती रेषा पुन्हा पाहिली आणि तिची जागा मोजली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, ही ५८७.६ ला. जुळत नाही. त्यावरून नवं मूलद्रव्य असावं हा त्याचा अंदाज, आणि तो अंदाज पृथ्वीवर पडताळून मिळाला तो १८९५ साली, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीच्या प्रयोगशाळेत.

पिवळी रेषा अनेकांनी पाहिली होती. ‘जुळत नाही’ हे आकड्यानिशी सांगितलं त्याचं नाव राहिलं. आणि नवं मूलद्रव्य हा तर्क सत्तावीस वर्षं तर्क म्हणूनच राहिला, त्याने काही बिघडलं नाही. तुझा ७५ हा असा मोजलेला आकडा आहे. पुनर्जोडणी हा तर्क. मला तरी तुझ्या कामात पहिल्याचं महत्त्व जास्त वाटतं. (गावात हे १८९८ चं बोललीस तर जरा जपून बोल. ओटे खरे आहेत, साल तेवढं वेगळं.)

मजकूर कसा उभा करशील त्याचा एक नमुना देते. इंग्रजी तुझं तू करशीलच, मी आशय सांगते. रिबन म्हणजे ज्वालेच्या पायथ्याशी उजळणारा पट्टा, क्रोमोस्फिअर म्हणजे सूर्याच्या वातावरणाचा खालचा थर, हे तिथे सांगावं लागत नाही. आणि हे सगळं ७५ सेकंद तपासणीत टिकले तरच.

‘सौरज्वालांच्या प्रकाशात दिसणारे नियमित चढउतार ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी झाल्यामुळे येतात की चुंबकीय कमानीच्या दोलनांमुळे, हे ठरवायचं तर वातावरणाच्या वेगवेगळ्या थरांतून येणारा प्रकाश एकाच वेळी बघावा लागतो. एका एम-वर्गाच्या ज्वालेच्या आवेगी टप्प्यात आम्हाला ७५ सेकंदांचा कालखंड आदित्य-एल१ वरील सूटच्या मॅग्नेशियमच्या फिल्टरमध्ये, एआयएच्या १३१ अँगस्ट्रॉममध्ये आणि जीओएसच्या क्ष-किरणांत, तिन्हीकडे मिळाला. पॉवर लॉ पार्श्वभूमी धरून त्याची सार्थकता अमुक इतकी आहे. सूटच्या चित्रांत हे चढउतार ज्वालेच्या रिबनच्या एकाच टोकाला एकवटलेले दिसतात. क्रोमोस्फिअरमधला चढ क्ष-किरणांतल्या चढाच्या अमुक सेकंद आधी येतो. हा क्रम इलेक्ट्रॉन रुकरुकून खाली आदळत असल्याच्या कल्पनेशी जुळतो, कमानीच्या दोलनाशी तितकासा जुळत नाही.’

बघ, ‘अमुक’ दोन ठिकाणी आहे. तिथे तुझे आकडे, त्रुटीच्या मर्यादेसकट. कुठला चढ आधी येतो हे तू काढलेलंच नाहीस, पण तुझ्याकडे ते काढण्याइतका डेटा आहे. उलटा क्रम निघाला तर शेवटचं वाक्य उलटं लिही, मला काहीच हरकत नाही. आणि काहीच ठरवता आलं नाही तर शेवटची दोन्ही वाक्यं गाळून टाक. चार वाक्यांचा अ‍ॅबस्ट्रॅक्टही चालतो. रिबनच्या टोकाचं वाक्य मात्र सोडू नकोस. जीओएसला चित्र नाही, ते तुझ्याकडे आहे, आणि सूट त्याचसाठी तिथे पाठवली आहे. सूट पुण्यात आयुकात घडली, तिच्या कामाशी तुझा रोजचा संबंध आहे, म्हणून तुला ती घरची वाटते. बाहेरच्या माणसाला ‘२०० ते ४०० नॅनोमीटर, अकरा फिल्टर’ एवढं कदाचित सांगावं लागेल. अर्ध्या वाक्यात सांग.

शीर्षक. ‘आदित्य-एल१ आणि इतर उपकरणांच्या साहाय्याने एका सौरज्वालेचा बहुतरंगलांबी अभ्यास’ यात एकही शब्द चुकीचा नाही आणि एकही शब्द उपयोगाचा नाही. याच शीर्षकाचे डझनभर अ‍ॅबस्ट्रॅक्ट त्याच सत्रात असतील. जॉन एव्हरशेडने जानेवारी १९०९ मध्ये कोडाईकनालला सौरडागांमधला वायूचा प्रवाह पकडला, तेव्हा त्याच्या लेखाचं शीर्षक होतं ‘सौरडागांमधील अरीय गती’. विषय आणि शोध दोन्ही त्यातच. तुझ्या शीर्षकात ‘७५ सेकंद’ आणि ‘रिबन’ हे दोन शब्द असायलाच हवेत. बाकी जुळव.

आजकाल आणखी एक प्रकार दिसतो. मसुदा चॅटबॉटला देऊन ‘सुधारून’ घेतलेला असतो. इंग्रजी गुळगुळीत होतं, पण आकडे विरघळतात. ‘७५ ± ४ सेकंद’ चं ‘मिनिटभराच्या आसपासची लक्षणीय स्पंदनं’ होऊन येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. व्याकरणाला वापर, पण नंतर प्रत्येक आकडा स्वतः ताडून बघ.

तोंडी की पोस्टर? फॉर्ममध्ये तोंडीला पसंती दे, पोस्टर मिळालं तर तोंड वाकडं करू नकोस. तोंडी सादरीकरणात मोजकी मिनिटं मिळतात आणि प्रश्नाला वेळच उरत नाही. पोस्टरपुढे स्पंदनवाली मंडळी ठिय्या देऊन बसतात, आलेखावर बोट ठेवून भांडतात. तुझं काम भांडण्याजोगं आहे. सत्र निवडताना हेच डोक्यात ठेव. ‘आदित्य-एल१ चे निष्कर्ष’ असं सत्र असेल तर तिथे सगळे आपलेच असतील आणि पाठ थोपटतील. ज्वालांमधली ऊर्जा किंवा स्पंदनं असं सत्र असेल तर तिथे जा. तिथे तुला कुणी ओळखत नाही, आणि पुढच्या वर्षी तुझ्या पेपरचा परीक्षक त्याच खोलीतला कुणीतरी असेल. पोस्टर कापडावर छापून घे, घडी घालून सॅकमध्ये जातं. आणि बोर्ड आडवा की उभा ते आधी वाच. अमेरिकेत आडव्या बोर्डावर आपली उभी ए-शून्य पोस्टरं खाली लोंबताना मी पुष्कळ पाहिली आहेत.

नावांचं. पहिलं नाव तुझं, हे गाईडशी बोलून घेतलंस ना? सूटच्या टीमपैकी कुणाची नावं घालायची याचा तिथे नियम असतो, तो विचारून घे, अंदाज करू नकोस. सगळ्या सहलेखकांना मसुदा आठवडाभर आधी पाठव आणि मेलमध्ये स्पष्ट लिही, ‘अमुक तारखेपर्यंत सुधारणा कळवाव्यात, नाव ठेवायला संमती असल्याचंही कळवावं.’ मोठ्या माणसांना असं लिहायला आपल्याकडे संकोच वाटतो. वाटू देऊ नकोस. न विचारता नाव घातलेलं कुणालाच आवडत नाही, आणि गप्प राहिलेला माणूस हो म्हणाला असं धरायचं नसतं.

तुझं स्वतःचं नाव आज ठरव आणि मग बदलू नकोस. वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, आद्याक्षर की पूर्ण, एकदाच काय ते. हे अ‍ॅबस्ट्रॅक्ट एडीएसवर (खगोलशास्त्राच्या लेखांच्या ऑनलाइन सूचीवर) चढतात आणि तिथेच राहतात. आपल्याकडची आडनावं शेकड्याने सारखी, त्यात आद्याक्षरही तेच, मग तुझं काम भलत्याच बाईच्या खात्यात जातं. ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक, काढून घे, फुकट आहे. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही हा तुझा प्रश्न, पण छापील नाव आहे तेच ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणी सुखी आहेत, एवढं सांगते.

फॉर्म भरताना: अँगस्ट्रॉमचं चिन्ह पेस्ट केलं की काही फॉर्ममध्ये त्याचं प्रश्नचिन्ह होतं, म्हणून नॅनोमीटर लिही, नाहीतर पूर्ण शब्द. तारीख ०३/१०/२०२४ अशी लिहू नकोस. तू ३ ऑक्टोबर म्हणशील, अमेरिकन माणूस १० मार्च वाचेल. महिना अक्षरात. वेळ यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत. ज्वालेचा वर्ग, सक्रिय क्षेत्राचा (ज्वाला झाली त्या डागांच्या भागाचा) नोआ या अमेरिकी संस्थेने दिलेला क्रमांक पाच आकडी, आणि उपकरणाचं पूर्ण नाव पहिल्यांदा येतं तिथे. भरून झाल्यावर पूर्वदृश्य छापून काढ आणि कागदावर वाच. पडद्यावर चुका दिसत नाहीत.

डेडलाइन कुठल्या घड्याळाची ते पाहा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची उन्हाळ्यातली रात्री ११:५९ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९. मध्य युरोपची असेल तर पहाटे ३:२९, तेव्हा ‘सकाळी उठून करू’ चालत नाही. तू मात्र दोन दिवस आधी पाठव. बहुतेक ठिकाणी डेडलाइनपर्यंत बदल करता येतो. शुल्क असेल तर ते सहसा परत मिळत नाही, हेही धरून चाल.

आणि जायचं कसं याचा विचार आजच सुरू कर. स्वीकृतीपत्र आल्यावर प्रवासखर्चाचे अर्ज, मग व्हिसा. अमेरिकेच्या व्हिसाची तारीख मुंबईच्या कचेरीत मिळायला कधी कधी महिनोन् महिने लागतात. आयोजकांना निमंत्रणपत्र लगेच माग, त्यावर पासपोर्टावरचं नाव असू दे, छापायचं नाव वेगळं असलं तरी. पैशाचं जमलं नाही तर अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या वार्षिक अधिवेशनाला हेच काम पाठव. तिथे सूर्यावरची सत्रं असतात आणि उदयपूर, बंगळुरू, नैनितालच्या संस्थांमधली मंडळी तुला तितकंच छळतील. ते कमी प्रतीचं आहे असं समजणारे लोक आहेत. मी त्यातली नाही.

तुझ्या मेलच्या शेवटी तू विचारलं आहेस, अ‍ॅबस्ट्रॅक्ट गेल्यावर आणि परिषदेआधी निकाल बदलला तर काय? बदलतो, आणि बहुधा थोडा तरी बदलतोच. पहिल्या स्लाइडवर एक ओळ टाकायची, ‘अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये ७५ लिहिलं होतं, नव्या कॅलिब्रेशननंतर ७१.’ कुणी काही म्हणत नाही. अख्खा निकालच कोसळला तर आयोजकांना कळवून मागे घ्यायचा, किंवा ‘हे स्पंदन का नव्हतं’ हेच सादर करायचं. २४ सेकंदांच्या बाबतीत तसं निघालं, तर मला वाटतं पोस्टरच्या एका कोपऱ्यात तो आलेख लावच. आलटून पालटून येणाऱ्या फ्रेममध्ये फसणारी तू शेवटची नसशील.

गुरुवारी मी सुट्टीवर आहे, शुक्रवारी बघेन. आधी एक्सपोजर काळाची यादी आणि जीओएसचा आलेख पाठव. नवा मसुदा त्यानंतर.

तुझी,
मॅडम